मोबाईलच्या योजनेंत ‘डेटा’ कसा जोडून घ्यावा

जमिनीचा हक्क आणि पाण्याचा हक्क हे दोन निराळे हक्क आहेत, हें शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. जमीन कालव्याच्या कांठीं असली तरी पाणी-अर्ज मंजूर झाल्यावांचून पाटाचें पाणी तिला मिळत नाहीं. मोबाईल फोनचेंहि तसेंच आहे. फोन हातांत आहे, त्यांत सिमकार्ड आहे, बोलणें चालतें, एवढ्यावरून इंटरनेट वापरण्याचा हक्क मिळाला असें होत नाहीं. तो हक्क, ज्यास व्यवहारांत ‘डेटा’ किंवा ‘नेट’ म्हणतात, योजनेंत निराळा असावा लागतो. नसल्यास जोडून घ्यावा लागतो. जोडण्यापूर्वीं काय पाहावें, तो कसा जोडावा, आणि पैसे भरूनहि चालू न झाल्यास काय करावें, ह्या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत पाठांत करावयाचा आहे.

ह्या विषयाची निकड दोन कारणांनीं उत्पन्न झाली आहे. पहिलें कारण पीक पाहणीचें. पूर्वीं तलाठी हंगामांत शिवारांत फिरून गांव नमुना १२ मध्यें पिकाची नोंद घेत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली, आणि आपल्या गटांत उभें राहून, पिकाचें छायाचित्र घेऊन ती नोंद पाठविण्याचें काम खातेदाराच्या हातीं आलें. हमीभावाच्या खरेदीस, पीककर्जास व नैसर्गिक आपत्तींतील साहाय्यास ह्या नोंदीचा आधार पाहिला जातो. तिची मुदत शासन हंगामाहंगामास जाहीर करतें. मुदतीचे शेवटचे दिवस आले म्हणजे पीक शेतांत उभें आहे, खातेदार बांधावर आहे, फोनहि खिशांत आहे, आणि योजनेंत डेटा नाहीं म्हणून काम अडलें आहे, अशी स्थिति होऊं शकते. महसूल खात्याच्या दप्तरांत ज्यानें आयुष्य घालविलें त्यास हें पुरतेपणीं ठाऊक असतें कीं, न लिहिलेलें पीक शेतांत कितीहि डौलानें उभें असलें तरी कागदावर तें नसतेंच. आणि भरपाईच्या दिवशीं विचार कागदाचाच होतो.

दुसरें कारण योजनांच्या फेरफाराचें. २३ डिसेंबर २०२४ रोजीं भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ‘ट्राय’नें, ग्राहक-संरक्षणाच्या २०१२ च्या नियमांत बारावी दुरुस्ती केली. तिच्या योगानें केवळ बोलणें व लघुसंदेश एवढ्यापुरतें निदान एक व्हाउचर ठेवणें कंपन्यांस भाग पडलें, आणि अशा विशेष व्हाउचरांची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढविण्यांत आली. जानेवारी २०२५ मध्यें अशा योजना बाजारांत आल्या. ज्यास नेट नको त्यावर नेटचा भार पडूं नये, हा ह्या नियमाचा हेतु असून तो न्याय्यच आहे. परंतु अशी दीर्घ मुदतीची योजना घेतलेल्या मनुष्यास मध्येंच डेटाची गरज लागली म्हणजे काय करावें, हें त्यास कोणी सांगितलेलें नसतें. तो दुकानदारावर विसंबतो, आणि दुकानदार जो रिचार्ज हातीं येईल तो करून मोकळा होतो.

१. रिचार्जचे प्रकार

‘रिचार्ज मार’ एवढेंच सांगणें म्हणजे खतांच्या दुकानांत जाऊन ‘एक पोतें दे’ म्हणण्यासारखें आहे. पोतें युरियाचें, डीएपीचें कीं पोटॅशचें, हें सांगावयास नको काय? रिचार्जचे मुख्य प्रकार येणेंप्रमाणें:

(अ) टॉप-अप. ह्यानें फोनच्या खात्यांत केवळ पैशांची शिल्लक जमा होते. कर व प्रक्रिया-आकार वजा होत असल्यामुळें भरलेली सर्व रक्कम शिल्लक म्हणून दिसत नाहीं. ह्यांत डेटाचा वेगळा सांठा मिळत नाहीं.

(आ) विशेष दर व्हाउचर. हें एखाद्या विशिष्ट सोयीपुरतें असतें. केवळ बोलण्यापुरतें किंवा केवळ डेटापुरतें. ज्यास लोक ‘डेटा पॅक’ म्हणतात तें ह्याच जातीचें.

(इ) संयुक्त व्हाउचर, म्हणजे कॉम्बो. ह्यांत बोलणें, लघुसंदेश आणि डेटा हीं तिन्ही एका मुदतीसाठीं एकत्र मिळतात. सामान्यतः लोक ज्यास ‘महिन्याचा रिचार्ज’ समजतात तो हाच.

ह्यांपैकीं ज्या योजनेवर फोनची सेवा चालू राहते तिला आपण ‘मूळ योजना’ म्हणूं. डेटा व्हाउचर हें तिच्यावर चढविलेलें असतें. त्यासंबंधीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

एक, डेटा व्हाउचर घेतल्यानें मूळ योजनेची मुदत वाढत नाहीं. मूळ योजना दहा तारखेस संपणार असेल आणि पांच तारखेस तीस दिवसांचें डेटा व्हाउचर घेतलें, तर दहा तारखेनंतर मूळ योजना पुन्हां भरल्यावांचून तो डेटा बहुधा वापरतां येत नाहीं. विहिरींत पाणी आहे, पण मोटारीची वीज तोडली आहे, तशांतला तो प्रकार होतो.

दोन, व्हाउचरची मुदत एक तर स्वतंत्र असते, जसें एक दिवस, सात दिवस, तीस दिवस. किंवा मूळ योजनेच्या मुदतीबरोबर चालणारी असते. भाव जवळजवळ सारखा दिसला तरी हा भेद मोठा आहे. पैसे देण्यापूर्वीं तो विचारून घ्यावा.

तीन, नवी मूळ योजना भरली म्हणजे ती त्याच क्षणीं लागूं होते असें नाहीं. कांहीं ठिकाणीं जुनी योजना संपेपर्यंत नवी रांगेंत राहते. ज्याच्या केवळ बोलण्याच्या योजनेचे दोनशें दिवस शिल्लक आहेत, त्यानें डेटासाठीं संयुक्त योजना भरली आणि ती रांगेंत जाऊन बसली, तर पैसेहि गेले आणि आजचें कामहि राहिलें. म्हणून अशा मनुष्यानें प्रथम डेटा व्हाउचर आपल्या योजनेवर चालतें काय हें विचारावें. न चालल्यासच संयुक्त योजनेकडे वळावें, आणि ती आज लागूं होईल कीं रांगेंत राहील हें आधीं निश्चित करून घ्यावें.

२. डेटा खरोखर हवा आहे काय?

प्रत्येक फोनमध्यें डेटा असलाच पाहिजे असें नाहीं. पुढील कामें डेटावांचून होतात. १८००-१८०-१५५१ ह्या क्रमांकावर किसान कॉल सेंटरला फोन करून सकाळीं ६ पासून रात्रीं १० पर्यंत पीक-सल्ला विनामूल्य घेतां येतो. ही सोय जानेवारी २००४ पासून चालू आहे. बँकेंतील शिल्लक पाहणें व पैसे पाठविणें हीं कामें फोनवर *९९# हा संकेत फिरवून करतां येतात. साध्या बटणांच्या फोनवरून पैसे देण्यासाठीं ८ मार्च २०२२ रोजीं ‘यूपीआय १२३पे’ ही पद्धतिहि सुरू झाली. बँकेचा किंवा शासकीय कामाचा ओटीपी हा लघुसंदेशानें येतो. त्यास डेटा लागत नाहीं.

ह्याच्या उलट, ई-पीक पाहणीची नोंद पाठविणें, महाभूलेखावर सातबारा पाहणें, डिजिटल सहीचा उतारा काढणें, महाडीबीटीवर अवजारांचा अथवा ठिबकाचा अर्ज भरणें, ‘मेघदूत’वर हवामानाचा सल्ला वाचणें, विजेचा इशारा देणारें पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचें ‘दामिनी’ वापरणें, ह्या सर्वांस डेटा लागतो.

घरांत चार फोन असल्यास चारहि फोनांवर डेटा घेण्याचें कारण नाहीं. एका फोनचा डेटा ‘हॉटस्पॉट’नें दुसऱ्यास देतां येतो. एका विहिरीवरून दोन भावांनीं पाळीपाळीनें पाणी घ्यावें तशी ही सोय आहे. मात्र सांठा एकच असल्यानें वापरणाऱ्यांनीं मर्यादा पाळावी.

३. फोन, सिमकार्ड आणि टॉवर

डेटा विकत घेण्यापूर्वीं तीन परीक्षा कराव्या. ह्यांतील एकींतहि फोन उतरला नाहीं, तर भरलेले पैसे वाळूंत ओतलेल्या पाण्यासारखे जातील.

पहिली परीक्षा फोनची. केवळ २-जी वर चालणाऱ्या साध्या फोनवर डेटा असून नसून सारखाच. ई-पीक पाहणीसाठीं कॅमेरा व स्थान-दर्शक असलेला स्मार्टफोन लागतो. जुना ३-जी स्मार्टफोन असेल तर अधिक सावध राहावें. कारण एअरटेलनें २०२० पर्यंत आपली ३-जी सेवा बंद केली, आणि जिओचें जाळें ५ सप्टेंबर २०१६ रोजीं सुरू झालें तेव्हांपासूनच ४-जी वर उभारलेलें आहे. असा फोन एकींत २-जी च्या मंद गतीवर येतो व दुसरींत चालतच नाहीं.

दुसरी परीक्षा सिमकार्डाची. फोन ४-जी असला तरी आंतील सिमकार्ड जुन्या काळचें असल्यास गति मिळत नाहीं. तें कंपनीच्या केंद्रांत ओळखपत्र दाखवून बदलून घ्यावें लागतें. बी.एस.एन.एल.च्या देशी बनावटीच्या ४-जी सेवेचें उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजीं झालें; तिच्या जुन्या ग्राहकांसहि हें लागूं आहे. सिमकार्ड बदलल्यावर पहिले २४ तास लघुसंदेश बंद ठेवण्याचा नियम असून तो फसवणूक टाळण्यासाठीं आहे. त्या अवधींत ओटीपी येत नाहीं. तेव्हां बँकेच्या अथवा पीकविम्याच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशीं सिमकार्ड बदलूं नये.

तिसरी परीक्षा टॉवरची, आणि ती घरीं बसून होत नाहीं. गांवच्या पारावर चांगली गति मिळते म्हणून दोन मैलांवरच्या शेतांत मिळेलच असें नाहीं. मध्यें टेकडी आली, ओढ्याचा खोलगट भाग आला, तर लहर पोंचत नाहीं. आपल्या गटांत उभें राहून, ज्यांच्याकडे निरनिराळ्या कंपन्यांची सेवा आहे अशा दोन शेजाऱ्यांचे फोन तेथें चालवून पाहावे. कंपन्यांनीं आपल्या संकेतस्थळांवर सेवाक्षेत्राचे नकाशेहि प्रसिद्ध केले आहेत. परंतु नकाशापेक्षां बांधावरची पाहणी खरी, हा जमीन-मोजणीचा जुना अनुभव येथेंहि लागूं पडतो.

आपल्या कंपनीची लहर शेतांत मुळींच येत नसेल, तर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलतां येते. ही सोय २० जानेवारी २०११ पासून सर्व देशांत आहे. इंग्रजींत ‘पोर्ट’ हा शब्द, जागा सोडून आपला क्रमांक, असा लघुसंदेश १९०० वर पाठविला म्हणजे आठ अक्षरांचा संकेत येतो. तो नव्या कंपनीच्या केंद्रांत द्यावा. महाराष्ट्रांत ह्या संकेताची मुदत चार दिवसांची असते. १ जुलै २०२४ पासून असा नियम झाला आहे कीं, सिमकार्ड बदलल्यापासून सात दिवसांच्या आंत हा संकेत मिळत नाहीं. बँक, आधार व पीक पाहणी ह्या सर्वांस जोडलेला क्रमांक टाकून देऊन नवा क्रमांक घेण्यापेक्षां हा मार्ग केव्हांहि बरा.

४. डेटाचें मोजमाप

डेटा एमबी व जीबी ह्या मापांनीं मोजतात. स्थूल मानानें हजार एमबींचा एक जीबी होतो. तो दोन रीतींनीं विकला जातो. एक रीत दैनिक. उदाहरणार्थ, दिवसास दीड जीबी. ही पाटाच्या पाळीसारखी आहे. आज न वापरलेला भाग बहुधा मध्यरात्रीं संपतो, उद्यांच्या पाळींत मिळत नाहीं. दुसरी रीत एकूण सांठ्याची. उदाहरणार्थ, मुदतभर मिळून सहा जीबी. ही शेततळ्यासारखी, हवें तेव्हां काढावें, पण तळें आटलें म्हणजे आटलें.

कोणती रीत कोणास सोयीची, हें हिशेबानें ठरवावें. समजा, एका शेतकऱ्यास रोज हवामान पाहण्यास २ एमबी, बाजारभाव पाहण्यास ३ एमबी, आणि संदेश व छायाचित्रें ह्यांस १५ एमबी लागतात. दिवसाचे २० एमबी झाले. २८ दिवसांचे ५६० एमबी. पीक पाहणी, एखादा अर्ज व एखादा उतारा ह्यांसाठीं आणखी २०० एमबी धरले, तरी बेरीज ७६० एमबी, म्हणजे एका जीबीच्या आंतच राहते. दिवसास दीड जीबीची योजना २८ दिवसांत ४२ जीबी देते. ज्याची गरज एका जीबीची, त्यानें बेचाळीस जीबींचे पैसे कां भरावे?

परंतु चित्रपट, गाणीं, व्याख्यानें ह्यांचीं चित्रणें पाहूं लागल्यास हिशेब पालटतो. मध्यम स्पष्टतेच्या एक तासाच्या चित्रणास सुमारें अर्धा जीबी लागतो. मुलगी रोज एक तास अभ्यासाचे धडे पाहत असेल, तर २८ दिवसांत १४ जीबी लागतील. तेथें दैनिक रीतच स्वस्त पडेल. म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं घरांत बसून हा हिशेब करावा. दुकानदाराच्या भिंतीवरील जाहिरात वाचून करूं नये.

दैनिक वांटा संपल्यावर काय होतें, हेंहि योजनेंत लिहिलेलें असतें. पुष्कळ योजनांत सेवा बंद न होतां गति ६४ केबीपीएसवर येते. ही गति किती मंद आहे तें पाहा. आठ बिटांचा एक बाइट; म्हणून ६४ ला ८ नें भागिलें असतां सेकंदास ८ केबी मिळतात. दोन एमबींचें एक छायाचित्र पाठविण्यास २००० भागिले ८, म्हणजे २५० सेकंद, चार मिनिटांहून अधिक लागतील. चाळीस एमबींचें एखादें ॲप उतरवून घेण्यास ५००० सेकंद, म्हणजे सुमारें एक तास तेवीस मिनिटें लागतील. ज्या दिवशीं पीक पाहणी करावयाची त्या दिवशीं सकाळीं मुलांनीं चित्रणें पाहून वांटा संपवूं नये, हा ह्यांतला बोध.

मुदतीचाहि हिशेब असाच आहे. लोक २८ दिवसांस महिना समजतात. बारा वेळां २८ म्हणजे ३३६ दिवस. वर्षाचे २९ दिवस उरतात. म्हणून वर्षास बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात. जानेवारी २०२२ मध्यें ट्रायनें कंपन्यांस असा आदेश दिला कीं, ३० दिवसांच्या मुदतीचीं, आणि दर महिन्यास त्याच तारखेस नवीं करतां येतील अशींहि, व्हाउचरें ठेवावीं. तीं मागितल्यावांचून पुष्कळदां कोणी दाखवीत नाहीं, म्हणून मागावीं.

५. जोडण्याची रीत

आतां प्रत्यक्ष कृति सांगतों. ती क्रमानें करावी.

प्रथम, चालू योजना कोणती, ती केव्हां संपते व तींत डेटा आहे काय, हें कंपनीच्या ॲपवरून, माहितीच्या क्रमांकावरून अथवा मागील रिचार्जच्या संदेशावरून पाहून कागदावर लिहावें. डेटा आहेच, पण चालत नाहीं, असें निघाल्यास नवे पैसे भरण्याचें कारण नाहीं. तो दोष पुढील कलमांत सांगितला आहे.

दुसरें, दुकानदारास नुसती रक्कम न सांगतां चार प्रश्न विचारावे: डेटा किती? रोजचा कीं एकूण? मुदत स्वतंत्र कीं मूळ योजनेबरोबर? आणि माझ्या सध्यांच्या योजनेवर हें चालेल काय? दर वरचेवर बदलतात. जुलै २०२४ मध्यें तर मोठ्या खासगी कंपन्यांनीं ते एकदमच वाढविले. म्हणून गतवर्षीच्या आंकड्यावर विसंबूं नये.

तिसरें, आपला क्रमांक दुकानदारानें टंकित केल्यावर तो त्याच्याकडून मोठ्यानें वाचून घ्यावा. एका अंकाच्या चुकीनें पैसे परक्याच्या खात्यांत जातात. नांवाच्या सारखेपणामुळें एकाची रक्कम दुसऱ्याच्या खातीं जमा झाली म्हणजे ती परत मिळवितां किती फेऱ्या घालाव्या लागतात, हें वसुलीच्या वेळीं सर्वांनीं पाहिलेलें आहे.

चौथें, रिचार्ज झाल्याचा संदेश येईपर्यंत दुकान सोडूं नये. तो संदेश पुसूं नये. तीच आपली पावती होय.

पांचवें, कित्येकदां सिमकार्डावर इंटरनेट सेवाच बंद करून ठेवलेली असते. २०१५ सालच्या नियमान्वयें ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवांचून ही सेवा चालू करतां येत नाहीं. आणि ती चालू वा बंद करण्यासाठीं १९२५ हा विनामूल्य क्रमांक ठेवण्यांत आला. त्यावर इंग्रजींत ‘स्टार्ट’ असा संदेश पाठविल्यास सेवा चालू होते, ‘स्टॉप’ पाठविल्यास बंद होते. ज्यास डेटा नको त्यासहि हा क्रमांक उपयोगी आहे; नकळत शिल्लक कापली जाण्याची भीति राहत नाहीं.

ज्यांचा फोन महिनाअखेर बिल येणाऱ्या प्रकारचा, म्हणजे पोस्टपेड, आहे त्यांनीं ॲपवरून किंवा केंद्रांतून डेटा जोडावा, आणि ठरलेल्या सांठ्यापुढें वापर गेल्यास आकार किती, हें विचारून ठेवावें. वापर निम्मा, नव्वद टक्के व पूर्ण झाला म्हणजे सूचना देणें कंपनीवर बंधनकारक आहे. ते संदेश वाचावे.

६. पैसे भरले, तरी नेट चालत नाहीं

अशा वेळीं दोष कोठें आहे तें खालील क्रमानें शोधावें. मोटार सुरू न झाल्यास आपण आधीं फ्यूज पाहतों, मग स्टार्टर, मग तार. एकदम मोटार उचलून नेत नाहीं.

(१) फोनमधील ‘मोबाईल डेटा’चा खटका चालू आहे काय? विमानाचें चिन्ह असलेली बंद-अवस्था लागलेली नाहीं ना?

(२) फोनमध्यें दोन सिमकार्डें असल्यास डेटासाठीं कोणतें निवडलें आहे? रिचार्ज दुसऱ्यावर आणि निवड पहिल्यावर, हा सर्वांत नेहमीं आढळणारा दोष आहे. सेटिंगमध्यें जाऊन निवड बदलली कीं काम होतें.

(३) जाळ्याचा प्रकार ‘फक्त २-जी’ असा तर ठेवलेला नाहीं? बॅटरी वांचविण्यासाठीं कोणी तसा ठेवतात आणि विसरतात.

(४) एपीएन म्हणून एक नोंद फोनमध्यें असते. कंपनीच्या जाळ्यांत फोननें कोणत्या दारानें शिरावें, हें ती सांगते. नवें सिमकार्ड घातल्यावर ती बहुधा आपोआप बसते. न बसल्यास कंपनीकडून ती संदेशानें मागवून ‘सेव्ह’ करावी.

(५) फोन एकदां बंद करून पुन्हां चालू करावा. नंतर तेंच सिमकार्ड दुसऱ्याच्या फोनांत घालून पाहावें. तेथें चाललें तर दोष आपल्या फोनचा. तेथेंहि न चाललें तर दोष योजनेचा किंवा सेवेचा.

७. तक्रार व अपील

दोष सेवेचा ठरल्यास १९८ ह्या विनामूल्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बोलून फोन ठेवूं नये. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. क्रमांक नसलेली तक्रार म्हणजे आवक-बारनिशींत न चढलेला अर्ज. तो दिला होता हें पुढें कोणास सिद्ध करतां येत नाहीं. रिचार्जचा दिवस, वेळ, रक्कम, आलेला संदेश व तक्रार-क्रमांक हीं पांच टिपणें एका कागदावर असावीं. निवारण समाधानकारक न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आंत अपील करतां येतें. २०१२ च्या नियमांप्रमाणें त्यास आकार पडत नाहीं, व त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हावयाचा असतो. न मागितलेली एखादी सेवा, जसें गाणीं किंवा राशिभविष्य, लागूं होऊन पैसे कापले जात असतील तर ती १५५२२३ ह्या विनामूल्य क्रमांकावर बंद करवितां येते.

तक्रारीचा निकाल लागेपर्यंत पीक पाहणीची मुदत थांबत नाहीं, हें मात्र विसरूं नये. शेजाऱ्याचा फोन आपल्या शेतांत नेऊन, त्यावरून आपल्या खात्याची नोंद करतां येते. एका फोनवरून एकाहून अधिक खातेदारांची नोंद करण्याची सोय त्या ॲपमध्यें ठेवलेली आहे. आधीं नोंद, मग भांडण, हा क्रम ठेवावा.

८. डेटाबरोबर येणारा धोका

दार उघडलें म्हणजे वारा येतो तसा चोरहि येऊं शकतो. शासकीय योजनेचा हप्ता, फुकट डेटा अथवा कर्जमाफी ह्यांचें नांव सांगून एखादी ‘एपीके’ धारिका संदेशानें येते. ती उघडल्यास फोनमधील बँकेचे व्यवहार परक्याच्या हातीं जाऊं शकतात. ॲप नेहमीं फोनमधील अधिकृत भांडारांतूनच घ्यावें. डेटा चालू करून देण्यासाठीं ओटीपी सांगा, असें कोणी अनोळखी मनुष्य फोनवर म्हणाला तर तो सांगूं नये. पैसे गेलेच तर विलंब न लावतां १९३० ह्या क्रमांकावर कळवावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

सोसायटीच्या पुढील बैठकीस सभासदांनीं आपापला फोन व शेवटच्या रिचार्जचा संदेश घेऊन यावें, आणि खालील प्रश्नांचीं उत्तरें एकमेकांस विचारावीं. पीक पाहणीची मुदत जाहीर होण्याच्या निदान पंधरा दिवस आधीं हें व्हावें.

१. माझी मूळ योजना कोणत्या तारखेस संपते? तींत डेटा आहे काय? असल्यास रोजचा कीं एकूण?

२. माझ्या कुटुंबाच्या कामास २८ दिवसांत किती जीबी लागतात? बेरीज करून दाखवा.

३. माझ्या गटांत उभें राहिल्यावर कोणत्या कंपनीची लहर मिळते?

४. एका सभासदाच्या केवळ बोलण्याच्या योजनेचे १५० दिवस शिल्लक आहेत. त्यास पीक पाहणीसाठीं दोन दिवस डेटा हवा आहे. त्यानें दुकानांत जाऊन काय मागावें, व काय विचारल्यावांचून पैसे देऊं नयेत?

५. दोन सिमकार्डांच्या फोनमध्यें डेटासाठीं कोणतें सिमकार्ड निवडलें आहे, हें कोठें पाहतात? शेजारी बसलेल्या सभासदाच्या फोनवर करून दाखवा.

ज्या सभासदास पांचव्या प्रश्नाचें उत्तर करून दाखवितां येईल, त्यानें गावांतील निदान दोन वृद्ध खातेदारांचे व एका एकट्या राहणाऱ्या शेतकरी भगिनीचा फोन तपासून द्यावा.